पाऊस आला की नेट जातं, माणूस आला की येतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. कांदिवलीतली जुनी सात मजली इमारत, चौथ्या मजल्यावरचं घर, २०० एमबीपीएसचं फायबर कनेक्शन. पहिलं वर्ष उत्तम गेलं. आता दिवसातून दोन-चारदा लाइन तुटते, व्हिडिओ कॉल अडकतो आणि मोठी सर येऊन गेली की लाल दिवा लागतो. तक्रार केली की फोनवर राउटर बंद-चालू करायला सांगतात. माणूस येतो तेव्हा नेमकं सगळं सुरळीत असतं. तो मोबाइलवर स्पीड टेस्ट दाखवतो आणि तक्रार बंद होते. यावर काय करावं?

या तक्रारीचं खरं दुखणं म्हणजे तिला जागा नाही. ‘नेट स्लो आहे’ एवढंच सांगितलं तर समोरचा माणूस त्याच्या यादीतली पहिली ओळ वाचून दाखवणार. लाइनमनला दुरुस्त करता येतो तो अमुक जोड, तमुक वायर, गच्चीवरचा डबा. त्यामुळे ग्राहकाने करायचं काम दुरुस्तीचं नाहीच. बिघाड कुठल्या दोन बिंदूंच्या मधे आहे ते पकडायचं आणि आकड्यानिशी सांगायचं. त्यासाठी लागतो एक लॅपटॉप, एक लॅन केबल आणि तीन-चार दिवसांची चिकाटी.

आधी वाय-फाय बाजूला काढा. मुंबईच्या इमारतीत मोबाइलवर शेजाऱ्यांच्या राउटरची वीस-पंचवीस नावं सहज दिसतात आणि २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. या गर्दीत २०० एमबीपीएसच्या लाइनवर मोबाइलला ३०-४० मिळाले तर तो लाइनचा दोष नाही. लॅपटॉप कॅट-५ई किंवा कॅट-६ केबलने थेट राउटरला जोडा, बाकीची उपकरणं तोडा, मग मोजा. लॅपटॉपला लॅनचं भोक नसेल तर यूएसबीचा गिगाबिट अडॅप्टर घ्या. स्वस्तातला १०० एमबीपीएसचा घेतलात तर लाइन कितीही चांगली असली तरी आकडा ९४-९५ च्या वर जाणार नाही आणि तुम्ही विनाकारण कंपनीशी भांडाल.

केबलवर सगळं ठीक आणि वाय-फायवर वाईट असेल तर इथेच थांबा. राउटरची जागा बदला, ५ गिगाहर्ट्झ वापरा, टीव्हीमागच्या कपाटातून तो बाहेर काढा. लाइनमनला बोलावून काही होणार नाही.

केबलवरही तुटत असेल तर पिंग लावा, म्हणजे एखाद्या पत्त्याला सतत हाक मारून उत्तर किती वेळात येतं ते मोजा. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा. एकीत ‘पिंग’ लिहून पुढे राउटरचा पत्ता आणि शेवटी ‘-टी’. दुसरीत तसंच, पण पत्ता ८.८.८.८, हा इंटरनेटवरचा गूगलचा सर्व्हर. (आज्ञा अर्थात इंग्रजी अक्षरांत टाइप करायची.) राउटरचा पत्ता त्याच्या पाठीवरच्या स्टिकरवर असतो, बहुधा १९२.१६८.१.१, जिओच्या राउटरला १९२.१६८.२९.१. दोन्ही खिडक्या तासन्‌तास चालू ठेवा. राउटरकडून येणारं उत्तर केबलवर १ मिलिसेकंदाच्या आत हवं आणि एकही चुकायला नको. तिथेच उत्तरं गळत असतील तर दोष केबलचा, राउटरचा किंवा त्याच्या अडॅप्टरचा. राउटर ठाम उत्तर देतोय आणि ८.८.८.८ गळतंय, तर दोष राउटरच्या पलीकडे आहे.

शंभरात एक पॅकेट (म्हणजे डेटाचा छोटा तुकडा) हरवणं ऐकायला किरकोळ वाटतं. पण डाउनलोड ज्या पद्धतीने चालतं तीत पॅकेट हरवलं की पाठवणारा रस्त्यात गर्दी आहे असं समजून आपला वेग झपाट्याने खाली आणतो. म्हणून एक टक्का गळतीतही स्पीड कधी २००, कधी ४० असा नाचतो, आणि लाइनमनने टेस्ट घेतली ते तीस सेकंद चांगले निघतात. स्पीड टेस्ट या रोगाला पकडत नाही, पिंगची लांब नोंद पकडते.

आता वेळेकडे बघा, कारण निम्मं निदान तिथेच होतं. रोज रात्री ९ ते ११ मंद आणि पहाटे झकास असेल तर लाइन शाबूत आहे. कंपनीच्या वरच्या जोडणीवर किंवा इमारतीच्या वाट्याला आलेल्या क्षमतेवर गर्दी होतेय. लाइनमन कितीही वेळा आला तरी ते सुटणार नाही. पावसानंतर, जोराच्या वाऱ्यात, भर दुपारच्या उन्हात किंवा खिडकी सरकवली की बिघडतं, तर दोष वायर-जोडाचा. काळ-वेळ काहीच नसेल आणि दर वेळी राउटरचे सगळे दिवे विझून पुन्हा लागत असतील तर वीजपुरवठा बघा. घरातलं कुणी फोटोंचा बॅकअप टाकताना किंवा कॅमेरा क्लाउडवर चित्रण पाठवताना पिंग ५ वरून ३०० मिलिसेकंदांवर जात असेल, तर अपलोडचा नळ तुंबलाय. राउटरमध्ये अपलोडवर मर्यादा घातली की सुटतं.

अडॅप्टरबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण ‘लाइन खराब’ म्हणून येणाऱ्या तक्रारींत त्याचा हात अनेकदा असतो आणि त्याच्याकडे कुणी बघत नाही. राउटरचा १२ व्होल्टचा अडॅप्टर वर्षानुवर्षं चोवीस तास तापलेला असतो. आतले कपॅसिटर म्हातारे होतात, भार वाढला की व्होल्टेज क्षणभर घसरतं आणि राउटर स्वतःहून पुन्हा सुरू होतो. राउटरचा पत्ता ब्राउझरमध्ये टाकला की त्याचं पान उघडतं. त्यावर ‘अपटाइम’ असतो, म्हणजे राउटर किती वेळ सलग चालू आहे ते. लाइन तुटल्यावर तो शून्यापासून मोजू लागला असेल तर राउटरच बंद पडला होता, फायबर नव्हे. दुसरा अडॅप्टर लावून बघा. व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त. मधे छोटा यूपीएस असेल तर एक दिवस तो काढून थेट जोडा. त्यातली बॅटरी फुगली की हाच खेळ होतो.

उजेडाचा हिशोब

अपटाइम चालूच आहे, पण लाल दिवा लागतो. मग प्रश्न काचेतल्या उजेडाचा आहे.

मुंबईतलं घरगुती फायबर बहुतेक जीपॉन पद्धतीचं असतं. कंपनीच्या केंद्रातून एक तंतू निघतो, वाटेत काचेच्या स्प्लिटरमध्ये त्याचे ८, १६, ३२ भाग होतात आणि एक भाग तुमच्या घरी येतो. खाली येणारा उजेड १४९० नॅनोमीटरचा, वर जाणारा १३१० चा. घरात पोचलेल्या उजेडाची ताकद डीबीएममध्ये मोजतात आणि ती उणे असते. राउटरच्या पानावर ‘पॉन इन्फो’ किंवा ‘ऑप्टिकल इन्फो’ अशा नावाखाली ‘आरएक्स पॉवर’ दिसतो. सगळ्या कंपन्या हे पान ग्राहकाला उघडून देत नाहीत. नसेल तर लाइनमनच्या मीटरवर तो बघायचा.

किती असायला हवा? केंद्रातून साधारण अधिक ३ डीबीएम निघतात असं धरा. १:३२ चा स्प्लिटर १७ डेसिबल खातो. पाच किलोमीटर तंतू किलोमीटरला पाव डेसिबलप्रमाणे सव्वा. चार कनेक्टरचे मिळून दीड. म्हणजे घरी उणे १७ च्या आसपास यायला हवेत. एकाऐवजी १:८ चे दोन टप्पे असतील तर उणे २१. या पद्धतीच्या नेहमीच्या उपकरणाची सहनशक्ती उणे २७ पर्यंत असते आणि उणे ८ पेक्षा तीव्र उजेडही त्याला सोसत नाही. उणे १७ ते २३ दिसत असेल तर निर्धास्त राहा. उणे २५ ला काळजी सुरू होते. उणे २७ च्या पुढे लाइन कधीही पडणार.

दर ३ डेसिबलला उजेड निम्मा होतो हे ध्यानात ठेवलं की आकडे बोलायला लागतात. उणे १९ चा उणे २५ झाला म्हणजे चौथाई उरला. तरी नेट चालतच राहतं. डिजिटल लाइन उजेड कमी झाला म्हणून हळू होत नाही, ती काठापर्यंत पूर्ण वेगाने चालते आणि काठावर चुका करू लागते, तुटते. तुमच्या घरी माणूस आला की सगळं ठीक का दिसतं त्याचं कारण हेच. लाइन उणे २६ वर उभी आहे. कोरड्या हवेत तरते, सर आली की एक-दीड डेसिबल जातो आणि बुडते. आलेल्या माणसाने स्पीड टेस्टऐवजी मीटर लावला असता तर पहिल्याच फेरीत कळलं असतं.

दिव्यांची भाषाही शिकून घ्या. एलओएसचा लाल दिवा म्हणजे उजेड येत नाही किंवा फारच क्षीण आहे. लाल विझलेला पण पॉनचा दिवा लुकलुकतोय, म्हणजे उजेड येतोय, पण केंद्राशी नोंदणी होत नाहीये. दोष वर जाणाऱ्या दिशेत, काठावरच्या पातळीत किंवा केंद्रातल्या नोंदणीत असू शकतो. दोन्ही दिवे ठीक आणि नुसता इंटरनेटचा दिवा लाल, तर काच शाबूत आहे आणि लॉगिन अडलंय. बिल, पासवर्ड किंवा कंपनीचा सर्व्हर. पहिल्या दोघांत लाइनमन हवा, तिसऱ्यात फोन पुरतो.

उजेड घरातच कुठे गळतो ते आधी तपासा. आमच्याकडची सगळ्यात नेहमीची जागा म्हणजे ॲल्युमिनियमची सरकती खिडकी. ड्रॉप वायर, म्हणजे डब्यापासून घरापर्यंतची फायबरची तार, तिच्या पट्टीतून आत घेतात, पावसाळ्यात खिडकी घट्ट लावली जाते आणि वायर चेपते. पाऊस आणि बिघाड यांचा संबंध कित्येकदा इतकाच असतो. दुसरी जागा राउटरमागची गुंडाळी. साध्या जी-६५२ तंतूला ३० मिलिमीटरपेक्षा लहान त्रिज्येची वळणं सोसत नाहीत. वाकायला बनवलेल्या जी-६५७ए२ ला ७.५ पर्यंत चालतं. घरात कुठला आहे ते माहीत नसतं, म्हणून चहाच्या बशीपेक्षा लहान वेटोळं करू नका आणि केबल-टायने आवळू नका. तिसरी जागा सोफ्याचा पाय, दाराची फट, कपाटाची मागची बाजू.

मग कनेक्टर. हिरवं टोक तिरकं घासलेलं असतं, आठ अंशांत, निळं सरळ. हिरवं निळ्यात घातलं तर बसतं, दिवाही कदाचित लागतो, पण मधे फट राहून काही डेसिबल उडतात आणि उजेड परत फिरतो. पॅचकॉर्ड (दोन्ही टोकांना कनेक्टर असलेला तंतूचा छोटा तुकडा) बदलल्यानंतर लाइन बिघडली असेल तर आधी रंग बघा. टोकावर धूळ किंवा बोटाचं तेल असलं तरी तोच परिणाम. शर्टाला पुसू नका, फुंकर मारू नका. फुंकरीतली वाफ टोकावर बसते. फायबर साफ करायचं पेन मिळतं, एक-दोन टिचक्यांत काम होतं. नसेल तर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सोडणारा पुसणा. आणि सुटलेल्या टोकात कधीही डोकावून बघू नका. हा लेझर डोळ्यांना दिसत नाही म्हणून तो नाही असं नसतं.

घरात एवढंच. कनेक्टर कापून नवा लावणं, डबा उघडणं, गच्चीवरच्या तारा हलवणं तुमचं काम नाही. एका डब्यात दहा घरांच्या तारा असतात आणि शेजाऱ्याचं नेट घालवलंत तर सोसायटीच्या सभेत विषय निघेल.

बाहेर काय बिघडतं

काचेला पाण्याचं तसं भय नाही. पावसात बिघडतात ते जोड. वायर घाईत जोडताना लाइनमन टोकाला फास्ट कनेक्टर चढवतात: तंतू कापायचा, आत सरकवायचा, कळ दाबायची. आत उजेड नेणारं जेल असतं. नवं असताना अर्धा डेसिबल जातो. पण उन्हात तापून, पावसात भिजून तंतू केसभर मागे सरकतो, जेल सुकतं आणि तोच जोड दोन-तीन डेसिबल खाऊ लागतो. वर्षभर छान चाललं आणि मग बिघडत गेलं, या वर्णनाला हे कारण फार चपखल बसतं. यंत्राने वितळवून केलेला जोड ०.१ डेसिबलच्या आत बसतो आणि बिघडत नाही. लाइनमनकडे मागायचं ते हेच: फास्ट कनेक्टर पुन्हा नको, पिगटेल (एका टोकाला तयार कनेक्टर असलेला तंतू) लावून स्प्लाइस करा, म्हणजे यंत्राने वितळवून जोडा.

बाकीची कारणं मुंबईला ठाऊक आहेतच. गच्चीवरचा डबा झाकण न लावता सोडलेला, त्यात पाणी आणि कबुतरांची घाण. पावसाळ्यापूर्वी झाडांच्या फांद्या छाटताना ओढली गेलेली वायर. रंगकामाच्या परांचीखाली चेपलेली. डक्टमध्ये उंदरांनी कुरतडलेली. रस्त्याच्या काँक्रीटच्या कामात तुटलेली मोठी केबल घाईने जोडली जाते, मग एकदम पन्नास घरांची पातळी दोन डेसिबलने घसरते. म्हणून शेजाऱ्यांना विचारा. त्याच कंपनीचं कनेक्शन असलेल्या तीन-चार घरांत त्याच वेळी तुटत असेल तर दोष स्प्लिटरच्या वर आहे आणि तुमच्या घरची भेट वाया जाणार. एकट्याचंच जात असेल तर दोष डबा ते घर या तुकड्यात. अपवाद एक आहे: एखाद्या घरचं उपकरण बिघडून आपली पाळी नसताना वर उजेड फेकत राहिलं तर त्या स्प्लिटरवरच्या सगळ्यांचं नेट अडखळतं, आणि पातळी मात्र सगळ्यांची उत्तम दिसते. हा दोष कंपनीला केंद्रातून एकेक घर तोडून शोधावा लागतो.

कंपनीला घरी न येताही बरंच दिसतं. राउटरची वीज गेली तर तो शेवटच्या क्षणी ‘डाइंग गॅस्प’ नावाचा निरोप केंद्राला पाठवतो. तंतू तुटला तर असा निरोप न येता उजेड थेट गायब होतो. मागच्या आठवड्यात तुमची लाइन कितीदा पडली आणि प्रत्येक वेळी वीज होती की काच, हे तिथल्या नोंदीत असतं. तुमच्याकडून वर पोचणारी पातळीही दिसते. खाली येणारी घसरलीय आणि वर जाणारी बरी आहे, तर बहुधा कुठेतरी वायर वाकलीय, कारण वाकण्याने लांब लहरीचा उजेड जास्त गळतो. दोन्ही सारख्या घसरल्या असतील तर घाण किंवा खराब जोड. हे सगळं फोनवरच्या पहिल्या माणसाला विचारण्यात अर्थ नाही, पण तांत्रिक विभागाला लेखी विचारलं तर उत्तर मिळतं.

इमारतीपर्यंत फायबर, घरापर्यंत लॅन

बऱ्याच जुन्या सोसायट्यांत आणि चाळींत केबलवाल्याचं नेट असतं तसं: गच्चीवर किंवा जिन्यात एक नेटवर्क स्विच (एका लाइनच्या अनेक करणारा डबा), तिथून घरोघरी निळी-करडी लॅनची वायर. इथे डीबीएम विसरा. लॅपटॉपवर ‘लिंक स्पीड’ बघा. गिगाबिटला तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० एमबीपीएसला दोनच, १-२ आणि ३-६. एखादी जोडी गंजून तुटली की लिंक मुकाट्याने १०० वर उतरते आणि टेस्ट कायम ९४ दाखवते. आकडा रोज ९४ वर खिळलाय, तर गर्दी नाही, तार तुटलीय.

या वायरीला चार रोग. एक, तांब्याऐवजी तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. ते क्रिंपपाशी (टोकाला प्लग दाबून बसवलेल्या जागी) ठिसूळ होतं आणि समुद्राच्या खाऱ्या हवेत लवकर कुजतं. दोन, घरात वापरायची पीव्हीसी वायर गच्चीच्या उन्हात; दोन उन्हाळ्यांत साल तडकतं आणि पाणी आतून वाहत थेट तुमच्या राउटरच्या तोंडात येतं. बाहेरची वायर काळ्या, ऊन सोसणाऱ्या आवरणाचीच हवी. तीन, मधेच तारा पिळून टेप मारलेला जोड. चार, लांबी, स्विचपासून घरापर्यंत १०० मीटरची मर्यादा आहे आणि गच्चीवरून वळणं घेत तळमजल्यावर येणारी वायर ती कधी ओलांडते ते कळत नाही. क्रिंप करताना रंगांचा क्रम पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना मनाने एकच कुठलातरी क्रम लावला तरी लिंक लागते, पण जोड्या फुटतात आणि चुका वाढतात.

पाणी आत येऊ नये म्हणून वायर भिंतीतून घेताना भोक बाहेरच्या बाजूला उतरतं पाडायचं, भोकाआधी वायरीला खाली एक झोळ द्यायचा म्हणजे पाणी तिथून ठिबकतं, आणि फट सिलिकॉनने बुजवायची. फायबरलाही हेच लागू.

वीज गेली की घरचा राउटर यूपीएसवर चालू, पण नेट बंद, असं होत असेल तर जिन्यातल्या स्विचची बॅटरी संपलीय. केबलवाल्याला तेवढंच सांगा.

तांब्याच्या टेलिफोन जोडीवरचं जुनं ब्रॉडबँड असेल तर राउटरच्या पानावरचा एसएनआर मार्जिन बघा, म्हणजे गोंगाटावर मात करायला सिग्नलकडे किती शिल्लक आहे ते. १० डेसिबलच्या वर ठीक, ६ च्या खाली तुटणार. फोन कानाला लावल्यावर खरखर ऐकू आली तर जोडीत ओल आहे. त्यावर वेळ घालवण्यापेक्षा फायबर मिळत असेल तर घ्या. टीव्हीच्या गोल केबलवरचं नेट असेल तर मोडेमच्या पानावर खाली येणारी पातळी उणे ७ ते अधिक ७ डीबीएमव्हीत हवी. वर जाणारी ५० च्या पुढे गेली असेल तर मोडेम ओरडून बोलतोय आणि वाटेत कुठेतरी गंजका कनेक्टर किंवा नको असलेला स्प्लिटर आहे.

तक्रार आणि भेट

तीन-चार दिवसांच्या नोंदीनंतर तक्रार लिहा, ॲपवर किंवा ईमेलने. मजकूर असा पुरे:

‘लॅन केबलवर तपासले आहे, वाय-फायचा प्रश्न नाही. १२ ते १५ तारखेदरम्यान लाइन ११ वेळा तुटली, वेळा सोबत. प्रत्येक वेळी एलओएस लाल, राउटरचा अपटाइम चालू, म्हणजे वीज गेलेली नाही. आरएक्स पॉवर कोरड्या हवेत उणे २५.८, पावसानंतर उणे २७.४. शेजारच्या दोन घरांत त्याच वेळी लाइन चालू होती. मजल्यावरच्या डब्यापासून घरापर्यंतची वायर आणि जोड मीटरने तपासावेत. माणसाने पॉवर मीटर आणि स्प्लाइसिंग यंत्र घेऊन यावे.’

शेवटचं वाक्य विसरू नका. पुष्कळ भेटी वाया जातात त्या माणसाकडे साधन नसल्यामुळे. तितक्याच भेटी वाया जातात गच्चीची किल्ली न मिळाल्यामुळे. सेक्रेटरींना आदल्या दिवशी सांगून ठेवा, वॉचमनला माणसाची वेळ कळवा, डक्टला कुलूप असेल तर किल्ली कुणाकडे ते विचारून ठेवा. लाइनमनला दिवसाकाठी बऱ्याच तक्रारी उरकायच्या असतात. तुमच्याकडे अर्धा तास खोळंबला तर तो राउटर बदलून निघून जाईल.

तो आल्यावर मीटर १४९० वर ठेवून दोन ठिकाणी मोजायला सांगा: डब्यात स्प्लिटरच्या तोंडाशी आणि तुमच्या राउटरच्या टोकाशी. पन्नास मीटर वायरीत जवळपास काहीच जात नाही, दोन कनेक्टरचा मिळून डेसिबलभर फरक समजू शकतो. डब्यात उणे १९ आणि घरात उणे २६ असेल तर वायर किंवा तिची टोकं बदलायची. डब्यातच उणे २५ असेल तर घरातलं काहीही बदलून उपयोग नाही. त्याने ते वरच्या विभागाला कळवायचं आणि तसं तक्रारीत लिहायचं. त्याने तंतूत लाल उजेड सोडणारा टॉर्च लावला तर वायर मोडली असेल तिथे लाल उजेड फुटताना दिसतो, विशेषतः खिडकीपाशी. दोन्ही आकड्यांचे फोटो घ्या. वायर बदलत असेल तर अखंड एकच तुकडा टाकायला सांगा, मधे जोड नको.

काही कंपन्या तक्रार बंद करायला ओटीपी मागतात. दुरुस्तीनंतरचा आकडा बघितल्याशिवाय तो देऊ नका. उणे २६ चा उणे २० झाला असेल तर खुशाल द्या. उणे २५ झाला असेल तर ‘आता चालू झालं ना’ यावर समाधान मानू नका; पुढच्या सरीला पुन्हा फोन करावा लागेल. माणसाशी मात्र नीट बोला, पाणी-चहा विचारा. डबा तुमच्यासाठी उघडणार तोच आहे, आणि जोड घाईने लावायचा की नीट, हे बऱ्याच अंशी त्याच्या हातात असतं.

वर कुठे जायचं

प्रत्येक तक्रारीचा क्रमांक जपा. ट्रायच्या (दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या) २०१२ च्या तक्रार-निवारण नियमांनुसार पहिल्या पायरीवर समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांत अपील करता येतं. शुल्क नाही, आणि निर्णय ३९ दिवसांत द्यायचा असतो. अपील दाखल झालं की फाइल सहसा कॉल सेंटरच्या बाहेर, तांत्रिक माणसासमोर जाते. खरा फायदा तो आहे. ट्राय स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, तिकडे पत्र लिहून वेळ घालवू नका.

लाइन पूर्ण बंद राहिली असेल तर भाड्यात सवलत मागा. २००६ च्या ब्रॉडबँड नियमांत तीन कामाच्या दिवसांपेक्षा जास्त बंद राहिल्यास ७ दिवसांची, सात दिवसांपेक्षा जास्त झाल्यास १५ दिवसांची आणि पंधराच्या पुढे महिन्याची सूट ठरवलेली होती. १ ऑक्टोबर २०२४ पासून सेवा-गुणवत्तेचे नवे एकत्रित नियम आले आहेत, म्हणून अर्जात जुनी कलमं न टाकता ‘लागू नियमांनुसार भाडेसवलत’ असं लिहा आणि बंद असलेल्या तारखा जोडा.

त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. आणि तेही झालं की जिल्हा ग्राहक आयोग. टेलिकॉमच्या तक्रारी ग्राहक आयोगात चालत नाहीत असं कंपनीचा माणूस म्हणाला तर ऐकून सोडून द्या. त्या चालतात हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क नाही. पण एका खराब जोडासाठी खटला चालवण्यापेक्षा एक स्प्लाइस स्वस्त पडतो, हे दोन्ही बाजूंना कळतं. अपिलातच बहुतेक प्रकरणं मिटतात.

कंपनी बदलायची असेल तर आधी एक गोष्ट बघा. नव्या कंपनीचं काम तुमच्या इमारतीत तोच स्थानिक केबलवाला करत असेल आणि वायर त्याच गच्चीवरून, त्याच डब्यातून येणार असेल, तर नाव बदलेल, पाऊस तोच राहील. वायर कुठून येते ते गच्चीवर जाऊन पाहा. घरून काम असेल आणि दोन लाइन ठेवायच्या असतील तर एक जमिनीखालून डक्टमधून आणि दुसरी वरून, अशी निवड करा. जुनं कनेक्शन लगेच तोडू नका, एक पावसाळी महिना दोन्ही चालू द्या. आणि नवी लाइन लागेल त्या दिवशीचा आरएक्सचा आकडा तारखेसह राउटरच्या पाठीवर मार्करने लिहून ठेवा. पुढच्या वर्षी तक्रार करताना तुलनेला तोच लागतो.